'ओरल मायक्रोबायोम'चा रिपोर्ट घेऊन पेशंट आले तेव्हा... (दात, जंतू आणि बायोइन्फॉर्मॅटिक्स)

अबोली

नमस्कार मंडळी. मी हिरड्यांची डॉक्टर, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट. एमडीएसच्या (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) थिसिसच्या वेळी बायोइन्फॉर्मॅटिक्सशी, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर तपासण्याच्या शास्त्राशी, गाठ पडली आणि मग ते सुटलंच नाही, आता चार दिवस क्लिनिक आणि दोन दिवस एका कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरसमोर असं चालू आहे. या विषयावर मराठीत लिहायचं कधीपासून मनात होतं, निमित्त तीन महिन्यांपूर्वी मिळालं (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत).

पन्नाशीचे एक काका आले, हातात 'ओरल मायक्रोबायोम'चा, म्हणजे तोंडातल्या सगळ्या जंतूंच्या वस्तीचा, सोळा पानी रंगीत रिपोर्ट. ऑनलाइन किट मागवलं, नळीत थुंकी गोळा केली, कुरियरने पाठवली, साडेसहा हजार रुपये भरले. रिपोर्टमध्ये एक मोठा गोल, त्यात रंगीत फोडी आणि खाली लाल अक्षरात 'पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस: हाय'. काकांचं म्हणणं एकच, या जंतूवरची अँटिबायोटिक लिहून द्या. मी आधी तोंड बघितलं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटणाचा जाड थर, प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) घातला तर दाढांपाशी सहा-सात मिलिमीटरचे पॉकेट (हिरडी दातापासून सुटून झालेली पोकळी), आणि हात लावीन तिथे रक्त. दोन वर्षं ब्रश करताना रक्त येत होतं म्हणाले, पण डॉक्टरकडे जायचं राहून गेलं. साडेसहा हजाराचं किट मात्र मागवलं, कारण ते घरी बसून होतं.

मला त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं. कारण ज्या शास्त्रावर माझा इतका जीव आहे त्याच्या नावाने त्यांच्या हातात असा कागद पडला होता की ज्याचं पुढे काय करायचं हे तो कागद सांगतच नव्हता. म्हणून हा रिपोर्ट तयार कसा होतो तेच सांगते.

तोंडातले जंतू माणसाने पहिल्यांदा बघितले ते १६८३ च्या सुमारास, हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला तेव्हा. पुढची तीनेकशे वर्षं पद्धत साधारण एकच, थर घ्या आणि बघा किंवा लॅबमध्ये जंतूंचं खाद्य घातलेल्या प्लेटवर वाढवा. जे प्लेटवर वाढलं ते कळलं, जे वाढलं नाही ते जणू नव्हतंच. अडचण अशी की तोंडातले पुष्कळ जंतू प्लेटवर वाढतच नाहीत, कुणाला हवेचा स्पर्श चालत नाही, कुणाला शेजारी दुसरा ठरावीक जंतू असल्याशिवाय जगता येत नाही. आज तोंडाच्या जंतूंची जी मोठी यादी आहे, ह्यूमन ओरल मायक्रोबायोम डेटाबेस, अमेरिकेतल्या फोर्सिथ इन्स्टिट्यूटने उभी केलेली, तिच्या २०१८ च्या आवृत्तीत ७७२ जाती आहेत (त्यात आता नाक-घशाकडचेही घेतलेत) आणि त्यातल्या साधारण ३० टक्के तोवर कुणीही वाढवलेल्या नव्हत्या, त्या फक्त डीएनएवरून माहीत.

ते डीएनएवरून कसं कळतं? प्रत्येक जंतूमध्ये १६एस नावाचा एक जीन असतो, साधारण १५०० अक्षरांचा (डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो). त्यातले काही भाग सगळ्या जंतूंमध्ये जवळपास सारखे आणि मधले काही भाग जातीगणिक वेगळे. पत्रावरच्या पत्त्यात 'मु. पो., ता., जि.' हे सगळीकडे तेच आणि मधली गावाची नावं वेगळी, तसं समजा. सारख्या भागाला धरून पीसीआर करायचं, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या, मधला वेगळा भाग मशीनवर वाचून घ्यायचा. मशीन एका नमुन्यामागे हजारो, कधी लाखो तुकडे वाचून देतं. प्रत्येक अक्षराला स्वतःच मार्क देतं, क्यू ३० म्हणजे हजारात एक अक्षर चुकीचं असण्याची शक्यता. इथून पुढे माणसाच्या डोळ्यांचं काम संपतं आणि कॉम्प्युटरचं सुरू होतं, कमी मार्कांचे तुकडे काढणं, मशीनची चूक कुठली आणि खरा फरक कुठला हे वेगळं करणं, मग प्रत्येक तुकडा त्या मोठ्या यादीशी जुळवून 'हा अमुक' असं नाव देणं. काकांच्या कागदावरचा रंगीत गोल म्हणजे या सगळ्याचं शेवटचं पान.

आता त्या गोलात काय नाहीये ते. एक तर तो प्रमाण सांगतो, संख्या सांगत नाही. समजा तोंडातले एकूण जंतू निम्मे झाले पण फोडी त्याच राहिल्या, तर गोल अगदी तसाच दिसेल. दुसरं, नमुना थुंकीचा आहे. थुंकीत जिभेवरचे जंतू भरपूर उतरतात, दाढेच्या मागे सात मिलिमीटर खोल काय चाललंय ते त्यात धूसरच दिसतं. अमेरिकेच्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टमध्ये २४२ निरोगी माणसं घेतली होती (२०१२ ला निकाल आले), त्यात तोंडाच्या नऊ जागांचे नमुने वेगवेगळे घेतले कारण जीभ, गाल, टाळू, हिरडीच्या वरचा थर आणि खालचा थर ही एकाच तोंडातली वेगवेगळी गावं आहेत. तिसरं, मेलेल्या जंतूचा डीएनएही मोजला जातो. आणि चौथं, हा जीन काही भावंडांमध्ये इतका सारखा असतो की फरक करताच येत नाही, तोंडात सुखाने राहणारा स्ट्रेप्टोकॉकस मायटिस आणि न्यूमोनिया करणारा स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनी यांच्यात १६एस वरून नीट भेद करता येत नाही.

काकांना अँटिबायोटिक दिली नाही. स्केलिंग आणि रूट प्लेनिंग (कीटण खरवडून दातांची मुळं साफ करणं), चार बैठका, शिवाय दातांच्या फटीत फिरवायचा छोटा ब्रश. परवा तपासलं, बहुतेक पॉकेट चारवर आलेत, रक्त एकाच ठिकाणी.

प्रश्न विचारा, मला माहीत असेल ते सांगेन.

नीलमोहर

वाचतेय. पत्त्याचं उदाहरण फार आवडलं. लिहीत राहा.

चौकस

चांगलं लिहिलंय पण एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. शेवटी तुम्ही केलंत काय तर स्केलिंग, जे माझ्या लहानपणी आमचे गावातले डेंटिस्ट पण करायचे. मग हे जीन वाचणं, डेटाबेस, यातून पेशंटला आजपर्यंत मिळालं काय? पेपरात तर दर महिन्याला येतं की हिरड्यांच्या जंतूमुळे अल्झायमर होतो, कॅन्सर होतो.

अबोली

@चौकस, राग कसला, हा प्रश्न आम्ही लॅबमध्ये पण एकमेकांना विचारतो.

जे मिळालं ते आधी. १९९८ मध्ये फोर्सिथच्याच सोक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी हजारो नमुने डीएनएवरून तपासून दाखवलं की खोल पॉकेटमध्ये तीन जंतू पुन्हापुन्हा एकत्र सापडतात, आम्ही त्यांना रेड कॉम्प्लेक्स म्हणतो आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस त्यातला एक. २००२ मध्ये दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्सचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला, जवळपास २० लाख अक्षरं, आणि त्यात दिसलं की तोवर वाचलेल्या ग्रॅम-पॉझिटिव्ह (रंगचाचणीवरून ठरणारा जंतूंचा एक मोठा गट) जंतूंमध्ये सगळ्यात जास्त प्रकारच्या साखरा पचवायची तयारी याच्याकडे आहे. पुढच्या वर्षी जिंजिव्हॅलिस वाचला. या सगळ्यातून आमची रोगाची कल्पनाच बदलली. पूर्वी वाटायचं एक वाईट जंतू येतो आणि रोग होतो. आता दिसतं की हे जंतू थोड्या प्रमाणात निरोगी तोंडातही असतात, थर साचत गेला, सूज वाढली, हवा पोचेना झाली की तिथली वस्तीच बदलते. म्हणून त्या एका जंतूला मारायला गोळी देण्यापेक्षा थर आणि कीटण काढून ती जागाच त्यांना नकोशी करणं जास्त टिकतं. तुमच्या गावातले डॉक्टर बरोबरच करत होते, ते बरोबर का होतं हे आता कळतंय.

अल्झायमरचं म्हणाल तर २०१९ मध्ये जिंजिव्हॅलिसची विकरं (एन्झाइम्स) अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचा पेपर आला, त्यावरून औषध निघालं, ६४३ जणांवर चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निकाल आला की मुख्य निकषांवर औषधाचा फायदा दिसला नाही. पहिली बातमी सगळीकडे छापून आली, दुसरी फार कमी ठिकाणी. कॅन्सरचं थोडं वेगळं आहे. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा तोंडातला जंतू मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये सापडतो हे २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं आणि दोन्हीकडे तो सापडला तो गाठीतल्या सगळ्या डीएनए-आरएनएमधून माणसाचा भाग कॉम्प्युटरवर वजा करून, उरलेलं कुणाचं ते शोधून. ते अजून टिकून आहे आणि २०२४ मध्ये त्यातली नेमकी कुठली उपजात गाठीत घर करते इथपर्यंत काम गेलंय. पण म्हणून हिरड्यांतून रक्त आलं की आतड्याचा कॅन्सर, असा अर्थ कुणी काढू नका प्लीज.

सूक्ष्मदर्शी

मी मायक्रोबायोलॉजी शिकवतो, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात. अबोलीताईंनी लिहिलेल्यात एक भर घालतो, रिकामी नळी.

आमच्या एमएस्सीच्या मुलांनी लहान मुलांच्या दातांवरच्या थराचे नमुने बाहेर सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचून घ्यायला, पाठवले होते. निकाल आले, मुलं खूष, कारण आठ नमुन्यांत राल्स्टोनिया भरपूर निघाला आणि त्यांना वाटलं आपण काहीतरी नवीन शोधलं. मी विचारलं रिकामी नळी पाठवली होती का, म्हणजे जिच्यात नमुना नाही पण बाकी सगळं रसायन तेच. नव्हती पाठवली. परत एकदा पैसे जमवून ती पाठवली तर त्यात पण राल्स्टोनिया. तो पाण्यात राहणारा जंतू, डीएनए काढायच्या रसायनातून येतो, आणि नमुन्यात मूळ डीएनए कमी असला की हाच सगळीकडे दिसायला लागतो. मुलांचे चेहरे उतरले पण त्या दिवशी ती जे शिकली ते मी वर्षभर फळ्यावर लिहून शिकवू शकलो नसतो. कुठलाही रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न हा विचारा, रिकाम्या नळीत काय निघालं.

बखरवाला

मी दातांचा नाही, इतिहासाचा माणूस, पण कीटणाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. जर्मनीत डालहाइम म्हणून मध्ययुगीन मठाची जागा आहे. तिथल्या सांगाड्यांच्या दातांवरच्या कीटणातून २०१४ मध्ये डीएनए काढून वाचला, साधारण हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा, आणि त्यात हिरड्यांच्या रोगाचे हेच जंतू सापडले. टूथब्रश नाही, दंतवैद्य नाही, कीटण साचत गेलं आणि त्यात त्या माणसाचं तोंड दगडात धरल्यासारखं जपलं गेलं. पुढे २०१९ मध्ये त्याच ठिकाणच्या एका स्त्रीच्या कीटणात निळ्या रंगाचे कण मिळाले, तो लाजवर्द (निळा मौल्यवान दगड) निघाला, जो तेव्हा अफगाणिस्तानातून यायचा आणि सोन्याच्या मोलाने विकला जायचा. अंदाज असा की ती पोथ्या चितारत असावी आणि ब्रशाचं टोक ओठांनी सारखं करताना रंग तोंडात गेला. मला तो संदर्भ वाचून अक्षरशः काटा आला होता. पोथ्या लिहिणाऱ्या बायकांची नावं फारशी कुठे नोंदलेली नाहीत आणि दाताने मात्र नोंद ठेवली.

एक विचारायचंय अबोलीताई, उत्खनन करणाऱ्याचे स्वतःचे जंतू त्यात मिसळत नाहीत का?

अबोली

@बखरवाला, सुंदर प्रतिसाद. मिसळतात, म्हणूनच जुन्या डीएनएवर काम करणारे फार काळजी घेतात. जुना डीएनए तुकड्यांच्या टोकांना ठरावीक पद्धतीने खराब होतो, सी हे अक्षर टी सारखं वाचलं जायला लागतं. कॉम्प्युटरवर हे टोकांचं नुकसान मोजता येतं. ज्या तुकड्यांना असं नुकसान आहे ते जुने, ज्यांची टोकं कोरी करकरीत ते बहुधा आजकालच्या कुणाच्या तरी हाताचे. आणि जुळवायची यादी मात्र तीच, जिच्याशी मी माझ्या क्लिनिकमधल्या पेशंटचे नमुने जुळवते.

@सूक्ष्मदर्शी सर, रिकाम्या नळीबद्दल शंभर टक्के सहमत.

एडिसनकर

इथे अमेरिकेत डेंटिस्टकडे पण थुंकीच्या टेस्टची माहितीपत्रकं दिसायला लागली आहेत. माझा प्रश्न वेगळा, आमच्या घरात आजोबांपासून सगळ्यांचे दात किडके, बायको म्हणते हे तुमच्या रक्तातच आहे. खरंच जीनमध्ये असतं का?

अबोली

@एडिसनकर, थोडं असतं पण तुम्हाला वाटतंय त्याहून बरंच कमी. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात दात किडण्याशी संबंध असलेल्या जीनोममधल्या ४७ जागा सापडल्या. पण त्यातल्या एकेका जागेचा वाटा अगदी बारीक आहे. आणि त्यातली बहुसंख्य माणसं युरोपीय वंशाची, तेव्हा आपल्याला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. घराण्यात जीनबरोबर सवयीही येतात, चहात किती साखर, झोपताना बाळाच्या तोंडात दुधाची बाटली, रात्रीचा ब्रश आहे की नाही. फ्लोराइडची पेस्ट वापरा, रात्री झोपताना ब्रश करा, मुलांना खाण्याच्या मधल्या वेळात गोड देऊ नका.

पारिजात

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझा मुलगा आता आठ वर्षांचा आहे. तीन वर्षांचा झाला तरी दात येईनात, आले ते चार, टोकदार, सुळ्यासारखे. केस विरळ. उन्हाळ्यात अंग तापायचं आणि ताप उतरायचा नाही, आम्ही किती वेळा अ‍ॅडमिट केलं याची गणती नाही आणि प्रत्येक वेळी इन्फेक्शन म्हणून औषधं. त्याला घामच येत नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, माझ्याही नाही. शेवटी मुलांच्या दातांच्या एका तरुण डॉक्टर बाईंनी तोंड बघितलं, मग तळहात बघितले, आणि विचारलं 'याला घाम येतो का हो?' तिथून सगळं कळत गेलं, एक्टोडर्मल डिस्प्लेशिया, म्हणजे दात, केस आणि घामाच्या ग्रंथी नीट न बनण्याचा जन्मजात आजार.

जीन टेस्ट केली तर रिपोर्टमध्ये आलं की ईडीए जीनमध्ये एक अक्षर बदललंय पण 'अर्थ अनिश्चित'. इतके पैसे घालून अनिश्चित, मी रडले होते. मग जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी माहेरची चौकशी केली. माझा भाऊ विशीपासून कवळी लावतो, आम्ही समजायचो त्याचे दात लहानपणी पडले. माझे स्वतःचे वरचे दोन दात आलेच नाहीत. भावाची आणि माझी टेस्ट केली, दोघांत तेच अक्षर. वर्षभराने रिपोर्ट बदलून आला, 'रोगाला कारणीभूत'. आता मुलगा छोटी कवळी लावून शाळेत जातो, उन्हाळ्यात ओला रुमाल आणि पाण्याचा स्प्रे जवळ असतो, आणि ताप आला की मी आधी त्याला गार करते.

अबोली

पारिजात, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. तुमच्या मुलाच्या हसण्यासाठी धडपडणाऱ्या त्या डॉक्टर बाईंना माझा नमस्कार सांगा.

बाकीच्यांसाठी एक सांगते कारण पारिजातच्या अनुभवात सगळं शास्त्र आलंय. प्रत्येक माणसाच्या जीनोममध्ये संदर्भ प्रतीपेक्षा (तुलनेसाठी ठरवलेल्या जीनोमपेक्षा) लाखो ठिकाणी फरक असतो, बहुतेक निरुपद्रवी. सापडलेला फरक रोगाचा आहे की नुसताच आहे, हे ठरवताना आम्ही बघतो की तो निरोगी लोकांच्या डेटाबेसमध्ये आहे का, प्रथिनाच्या महत्त्वाच्या जागी आहे का, आणि घरात ज्यांना त्रास आहे त्यांच्याकडेच तो आहे का. पहिली दोन कामं कॉम्प्युटर करतो. तिसरं मामाच्या कवळीबद्दल कुणीतरी विचारल्याशिवाय होत नाही.

आणि बखरवाल्यांसाठी, हा आजार आपल्या उपखंडातूनच नोंदला गेलाय. डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहून ठेवलंय, चार पिढ्यांत दहा पुरुष, मोजकेच दात, केस कमी, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना त्रास नाही पण त्यांच्या मुलांना होतो हेही त्यात आहे. म्हणजे आई वाहक, मामा आणि भाचा रुग्ण. जीन सापडला १९९६ मध्ये. २०१८ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी तीन मुलांना आईच्या पोटात असतानाच, गर्भजलातून, ते न बनणारं प्रथिन दिल्याचं प्रसिद्ध झालं आणि त्या मुलांना घाम यायला लागला. चाचण्या पुढे चालू आहेत.

देशावरचा

मॅडम माझा प्रश्न साधा आहे. आई ६४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी असते. चाळीसेक वर्षं मिश्री लावते. गालाच्या आत उजवीकडे पांढरा चट्टा आहे, तिखट लागलं की चुरचुरतं म्हणते. तुम्ही सांगितलं तसली थुंकीची टेस्ट करून कॅन्सर आहे का कळेल का? गावातून तिला हलवणं अवघड आहे म्हणून विचारतो.

अबोली

@देशावरचा, नाही. आणि कृपा करून कुठलंही किट मागवू नका. चट्टा डोळ्यांनी बघायला हवा, बोटाने चाचपायला हवा, आणि गरज वाटली तर छोटा तुकडा काढून बायोप्सी. दातांच्या सरकारी कॉलेजमध्ये हे कमी खर्चात होतं. बहुतेक पांढरे चट्टे कॅन्सर नसतात पण कुठला आहे आणि कुठला होणार हे फोनवर किंवा थुंकीवर ठरत नाही. या आठवड्यात न्या. तोवर मिश्री बंद.

आता याच विषयावर जरा सविस्तर लिहिते कारण या धाग्यात मला मुळात जे सांगायचं होतं ते इथेच आहे.

पाश्चात्य देशांत घशाच्या मागच्या भागाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही विषाणूचा वाटा मोठा. आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत, जिथे तंबाखूची गोळी किंवा गुटखा धरून ठेवतात, तिथला कॅन्सर जास्त. हा आपला आजार, तेव्हा तो वाचायलाही आपल्यालाच लागणार होता. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकने, म्हणजे टाटा मेमोरिअलच्या संशोधन केंद्राने, आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल जीनोमिक्सने मिळून आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पात हेच काम घेतलं. २०१३ मध्ये निकाल आले, आधी ५० रुग्णांच्या गाठींचे जीन वाचले, मग आणखी ६० जणांमध्ये पडताळले. टीपी ५३, कॅस्प ८, नॉच १ असे आधी माहीत असलेले जीन होतेच, पण यूएसपी९एक्स, आरिड२ असे काही या कॅन्सरमध्ये नव्यानेच पुढे आले. त्याच कल्याणीच्या संस्थेने पुढे १०० भारतीय रुग्णांची माहिती घालून तोंडाच्या कॅन्सरमधल्या जनुकबदलांचा डेटाबेस सगळ्यांसाठी फुकट खुला केला, डीबी-जेनव्होक.

सह्यकडा

पुण्यात आयटीत आहे, बायोलॉजी बारावीनंतर सुटली. गाठीतला बदल आणि माणसात जन्मापासून असलेला बदल कसा वेगळा करतात? नुसतं डिफ (दोन फाइलींमधला फरक) काढून होतं का?

अबोली

@सह्यकडा, अगदी डिफच, पण कशाशी काढता त्यावर सगळं आहे. त्याच माणसाच्या रक्ताचा डीएनए असेल तर उत्तम, गाठीतून रक्त वजा करायचं. नसेल तर लोकसंख्येच्या डेटाबेसशी तुलना करावी लागते, आणि ते डेटाबेस बरीच वर्षं युरोप-अमेरिकेच्या माणसांनी भरलेले. आपल्याकडे घरोघर असलेला एखादा साधा फरक तिथे नसेल तर तो कॅन्सरचा बदल म्हणून गणला जायचा. म्हणून टाटाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ६२ भारतीय रुग्णांच्या निरोगी पेशींवरून आपली स्वतःची यादी केली, टीएमसी-एसएनपीडीबी. आता जीनोम इंडिया प्रकल्पाचा दहा हजार भारतीयांचा डेटाही जानेवारी २०२५ पासून संशोधकांना मिळायला लागलाय.

पण माझं खरं दुखणं पुढे आहे. जीनचा डेटा येतोय, तोंडाचा येत नाहीये. माझ्या पहिल्या अभ्यासात मी हिरड्यांचे ४० नमुने घेतले, फॉर्मवर एक रकाना ठेवला, 'तंबाखू: आहे / नाही'. निम्म्याहून जास्त बायका होत्या, जवळपास सगळ्यांनी 'नाही' सांगितलं. सिक्वेन्सिंग झालं, विश्लेषण केलं, तंबाखू न खाणाऱ्या बायकांचे नमुने दोन वेगळ्या ढिगांत पडत होते आणि कारण काही केल्या सापडेना. सहा महिने मी कोडमध्ये चूक शोधत होते. मग एक दिवस एक मावशी परत तपासायला आल्या, तोंडाला वास मिश्रीचा. म्हटलं मावशी, तंबाखू नाही म्हणाला होतात ना? म्हणाल्या, 'तंबाखू कुठं खाते मी, मिश्री लावते, दात घासायला.' त्या खोटं बोलल्या नव्हत्या, प्रश्नच मी चुकीचा विचारला होता. प्रत्येकीला परत फोन केले, ज्या सापडल्या नाहीत त्यांचे नमुने सोडून द्यावे लागले. त्यात कुणाच्या तरी खोल दुखऱ्या हिरडीतून काढलेला नमुना वाया गेला याची बोच मला आजही आहे.

तेव्हापासून माझ्या फॉर्मवर मिश्री, गुटखा, मावा, पान, नुसती सुपारी सगळं वेगवेगळं आहे, दिवसातून किती वेळा, कुठल्या गालात, किती वर्षं. नुसती सुपारीही वेगळी विचारायलाच हवी, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ती २००४ मध्येच माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलीय, आणि तोंड उघडेनासं होण्याच्या सबम्युकस फायब्रोसिसला तीच कारण. इथे कुणी डेंटिस्ट वाचत असतील तर हात जोडून सांगते, पॉकेट किती खोल, रक्त कुठे, पाणी बोअरचं की नळाचं, हे लिहून ठेवा.

सूक्ष्मदर्शी

+१. हे मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी आहे ना?

अबोली

@सूक्ष्मदर्शी सर, अवश्य.

सह्यकडा

मला यात काही करता येईल का? शनिवार-रविवार वेळ असतो, पायथन येतं.

अबोली

येईल की! १६एस साठी चाइम २ (QIIME 2) म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, सोबत सरावाचा डेटाही मिळतो, त्यावर आधी हात बसवा. तोंडाच्या जंतूंची यादी फोर्सिथच्या साइटवरून उतरवून घ्या. मग एखाद्या प्रसिद्ध पेपरचा कच्चा डेटा घेऊन त्यांची आकृती स्वतः काढून बघा, तशीच येते का. आणि त्याहून मोठी गरज सांगू? आमच्याकडे मोबाइलवर मराठीत भरता येईल असा तपासणीचा फॉर्म नाहीये, नेट नसताना चालणारा, शिबिरात गावोगावी नेता येईल असा. मी कागदावर भरते आणि रात्री टाइप करते.

सह्यकडा

हे जमेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, तुमचा कागदी फॉर्म फोटो काढून पाठवा.

पारिजात

त्या फॉर्ममध्ये एक ओळ माझ्याकडून घाला. 'घाम येतो का?'

अबोली

घातली. 'घरात कुणाचे दात मुळातच आले नाहीत का' हीसुद्धा.

देशावरचा

मॅडम, काल आईला घेऊन गेलो. दातांच्या सरकारी कॉलेजात. डॉक्टरांनी नीट बघितलं, तुकडा काढलाय, रिपोर्ट पुढच्या गुरुवारी. एक सांगायचं राहिलं. तिथल्या केसपेपरवर तंबाखू असा रकाना होता आणि आई नाही म्हणाली. मी तुमचं वाचलं होतं म्हणून मध्ये बोललो, मिश्री, चाळीस वर्षं, दिवसातून तीनदा, उजव्या गालात. डॉक्टरांनी 'नाही' खोडून तसं सगळं लिहून घेतलं. मिश्रीची डबी आईने काल रात्री स्वतःहून माझ्याकडे दिली.

अबोली

फार बरं केलंत. गुरुवारी रिपोर्ट आला की इथे लिहू नका, मला व्यनि करा, रात्री उशिरा केला तरी चालेल.